प्रश्न विचारण्याचा अधिकार : इंग्लंडच्या छाननी समित्या

(मराठी भाषक रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



छाननी समिती म्हटले की आपल्यापुढे दोनच गोष्टी येतात. एक जातीच्या दाखल्याची, दुसरी निवडणुकीतल्या उमेदवारी अर्जांची. आज मला बोलायचे आहे ते तिसऱ्या छाननीवर. नगरपालिकेने निर्णय घेतला, पैसा खर्च केला, कंत्राट दिले, तर तो निर्णय बरोबर होता का, लोकांना त्याचा काय उपयोग झाला, हे त्याच नगरपालिकेतल्या इतर नगरसेवकांनी बसून तपासायचे. इंग्लंडमध्ये ही पद्धत कायद्याने आहे. ती चांगली कुठे चालते आणि फसते कुठे, हे आपण समजून घेतले पाहिजे, कारण आपलीही माणसे नाना समित्यांवर बसतात.

मी मॅट्रिक शिकलेला माणूस. कायद्याची इंग्रजी वाचताना शब्दकोश शेजारी लागतो. म्हणून कलमे सांगत बसणार नाही, व्यवहार सांगतो.

पूर्वी तिकडे सगळा कारभार समित्यांमार्फत चाले. शिक्षण समिती, घरबांधणी समिती, रस्ते समिती. निर्णय समितीतच व्हायचे आणि प्रत्येक नगरसेवक कुठल्या ना कुठल्या समितीवर असायचा. २००० साली नवा कायदा आला. लहान परिषदा सोडल्या तर बाकी ठिकाणी छोटी कार्यकारिणी आली. एक नेता आणि सोबतचे मिळून फार तर दहा जण, किंवा थेट निवडलेला महापौर. रोजचे निर्णय यांच्या हाती गेले. मग उरलेल्या नगरसेवकांनी करायचे काय? त्यांच्यासाठी छाननी समित्या. कार्यकारिणीतल्या माणसाला या समितीवर बसता येत नाही. जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात.

आपल्या महानगरपालिकेतली स्थायी समिती आठवा. खर्चाला मंजुरी देणारी तीच आणि खर्चावर नजर ठेवण्याची अपेक्षाही तिच्याकडूनच. इंग्लंडने निदान कागदावर ही दोन कामे वेगळी केली, हे मान्य करावे लागेल.

आता अधिकार. समिती कार्यकारिणीच्या सभासदाला आणि अधिकाऱ्याला बोलावू शकते. त्यांना यावे लागते, उत्तर द्यावे लागते. समिती बाहेरच्या जाणकारांची, नागरिकांची साक्ष घेऊ शकते. अहवाल लिहून शिफारशी करते आणि कार्यकारिणीने दोन महिन्यांत उत्तर द्यावे लागते. निर्णय झाला पण अंमल झाला नाही, अशा वेळी ठरलेल्या मुदतीत, बहुधा काही दिवसांतच, तो निर्णय 'परत बोलावता' येतो. तोवर अंमलबजावणी थांबते. पण कार्यकारिणीने फेरविचार करून तोच निर्णय कायम केला, तर समितीचा इलाज संपला. रद्द करण्याचा अधिकार नाही.

म्हणजे अधिकार कसला, तर प्रश्न विचारण्याचा. आपल्या पी. एन. एम.मध्ये १९५२ सालापासून जे बसले, त्यांना हे नवीन वाटणार नाही. मुद्दा अजेंड्यावर येतो, प्रशासन 'तपासून पाहू' म्हणते, पुढच्या बैठकीत इतिवृत्तात 'मुद्दा निकाली' असे छापून येते आणि क्वार्टरचे छत गळतच राहते. प्रश्न विचारणारा तयारीने गेला असेल तरच मुद्दा जिवंत राहतो.

तिथल्या अडचणीही आपल्या ओळखीच्या. छाननी समितीचा अध्यक्ष बहुतेक ठिकाणी सत्ताधारी पक्षाचाच असतो. आपल्याच नेत्याला अडचणीत आणणारा प्रश्न तो किती जोराने विचारणार? समितीला मदत करणारे कर्मचारी थोडे, आणि खर्चकपातीच्या वर्षांत तेही कमी केले गेले. २०१७ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने या सर्व कारभाराची चौकशी केली. कंत्राटदाराला दिलेल्या कामाचे कागद मागितले की 'व्यापारी गोपनीयता' पुढे केली जाते, अशी तक्रार तिथे पुढे आली. खासगीकरण झाले की जनतेचा पैसा तोच राहतो, हिशेब मात्र पडद्याआड जातो. स्टेशनची साफसफाई आणि टपालाची वाहतूक कंत्राटावर गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

आता स्टॅफर्डकडे येतो. माझ्या बोलण्याचा मुख्य भाग हाच आहे.

२००१ च्या कायद्याने या समित्यांना सरकारी आरोग्य सेवेवर प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांनी येऊन उत्तरे द्यायची. मध्य इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावात एक सरकारी रुग्णालय होते. ते चालवणाऱ्या ट्रस्टने २००६-०७ साली एक कोटी पौंड वाचवायचे ठरवले. वार्षिक उलाढालीच्या सुमारे आठ टक्के. त्यासाठी दीडशेहून अधिक जागा कमी केल्या. व्यवस्थापनाचे लक्ष होते 'फाउंडेशन ट्रस्ट' हा स्वायत्त दर्जा मिळवण्याकडे. तो त्यांना २००८ साली मिळालाही.

आणि वॉर्डात काय चालले होते? तातडीच्या विभागात आलेला रुग्ण किती गंभीर आहे, हे वैद्यकीय शिक्षण नसलेला स्वागतकक्षातला कर्मचारी ठरवत होता. हृदयाची नोंद घेणारी यंत्रे वापरता येत नव्हती, म्हणून ती बंद केली जात. म्हाताऱ्या रुग्णांना पाणी मिळत नव्हते, घाण झालेल्या चादरीवर ते पडून राहत होते. ज्युली बेली नावाच्या बाईंची आई २००७ साली तिथे वारली. त्यांनी आपल्या छोट्या कॅफेत इतर नातेवाइकांना गोळा केले आणि मोहीम सुरू केली. मृत्यूंचे आकडेही जास्त दिसू लागले. आरोग्य आयोगाने तपास केला, मार्च २००९ मध्ये अहवाल आला आणि सगळा देश हादरला.

आता विचारा, छाननी समिती कुठे होती? होती. एक नव्हे, दोन होत्या. आपल्या जिल्हा परिषदेसारख्या स्टॅफर्डशायर काउंटीची एक आणि स्टॅफर्ड बरोची एक. सभा होत होत्या. रुग्णालयाचे अधिकारी येत होते, माहिती देत होते. रॉबर्ट फ्रान्सिस या वकिलांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की या समित्यांना रुग्णालयातल्या गंभीर दोषांची एकही खूण ओळखता आली नाही. सभासद कितीही प्रामाणिक असोत, अशा पद्धतीने दोष सापडतीलच याची खात्री नाही, असेही अहवाल सांगतो.

असे का व्हावे? समितीला स्वतः रुग्णालयात जाऊन तपासणी करण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे ज्याची छाननी करायची, त्यानेच आणलेल्या कागदावर ती चालली होती. महाव्यवस्थापकांचे वार्षिक इन्स्पेक्शन आपण पाहतो. आठ दिवस आधी चुना आणि गेरू लागतो, कुंड्या येतात, बंद पडलेला नळ त्या दिवसापुरता सुरू होतो. पोस्टातही अधीक्षक यायचे म्हटले की रजिस्टरे रात्री जागून पुरी होतात. महाराष्ट्र विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा असला की जिल्हा परिषदेत काय धावपळ होते, हे तिथल्या कोणाही कर्मचाऱ्याला विचारा. स्टॅफर्डच्या समितीने तर इमारतही पाहायची नव्हती. तिच्यापुढे आला तो कागदाला लावलेला चुना.

फ्रान्सिस अहवालात एकूण २९० शिफारशी होत्या. या समित्यांना तपासणीचा अधिकार द्यावा, किंवा त्यांनी रुग्णांच्या संस्थांबरोबर प्रत्यक्ष काम करावे, आणि त्यांना जाणकारांची मदत मिळावी, असे त्यात सुचवले होते.

पण आपल्यासाठी महत्त्वाचे पान वेगळेच आहे. ठपका परिचारिकांच्या संघटनेवरही आहे. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही व्यावसायिक संस्था म्हणूनही आणि कामगार संघटना म्हणूनही तिथे परिणामकारक ठरली नाही, असे अहवालात नोंदले आहे. दीडशे जागा गेल्या, उरलेल्यांवर बोजा पडला, काही परिचारिकांनी लेखी तक्रारी केल्या. छाननी समितीला जी माहिती मिळत नव्हती, ती वॉर्डातल्या प्रत्येक परिचारिकेला ठाऊक होती. संघटनेने ती समितीच्या टेबलावर नेऊन ठेवायला हवी होती. हे वाचून मला राग व्यवस्थापनाचा आला त्यापेक्षा या गोष्टीचा अधिक आला.

एक दुसरे उदाहरण थोडक्यात. शेफिल्ड शहरात रस्त्याच्या देखभालीचे कंत्राट दिल्यावर हजारो झाडे तोडली जाऊ लागली. नागरिक झाडांना चिकटून उभे राहिले, काहींना अटक झाली. नगरसेवक ढीगभर, पण निर्णय मोजक्या लोकांच्या हाती, ही चीड त्यातून वाढली. २०११ च्या कायद्याने जुन्या समिती पद्धतीकडे परत जायची मुभा दिली होती आणि पाच टक्के मतदारांनी सह्या केल्या तर जनमत घ्यावेच लागत असे. त्यांनी सह्या गोळा केल्या. मे २०२१ मध्ये लोकांनी मोठ्या बहुमताने समिती पद्धतीला कौल दिला आणि २०२२ पासून ती सुरू झाली. ती अधिक चांगली चालते की नाही, यावर तिथेही वाद आहे. मला सह्यांच्या मोहिमेचे कौतुक वाटते, पद्धत बदलल्याने कारभार सुधारतो यावर माझा फारसा विश्वास नाही.

अधिकार काढूनही घेतले जातात. रुग्णालय बंद करण्यासारख्या मोठ्या बदलाविरुद्ध छाननी समितीला प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठवता येत असे. जानेवारी २०२४ अखेर तो अधिकार गेला. आता मंत्र्यांनी लक्ष घालावे अशी विनंती कोणीही करू शकतो, समितीही त्या रांगेतच.

आता आपल्याकडचे. रेल्वे रुग्णालयाच्या समितीवर, कँटीनच्या समितीवर, क्वार्टर वाटपाच्या समितीवर आपले प्रतिनिधी आहेत. यापुढे आमच्या शाखेत एक रीत पाडायची आहे. बैठकीच्या आठ दिवस आधी प्रतिनिधीने त्या जागी न कळवता जायचे. ड्रेसरला, आयाबाईला, कँटीनच्या पोऱ्याला भेटायचे. औषध काउंटरवर कोणती औषधे बाहेरून आणायला सांगतात, ते रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त माणसांकडून लिहून घ्यायचे. प्रशासनाने दिलेला कागद त्या यादीशी ताडून पाहायचा आणि मग प्रश्न लेखी द्यायचा. 'मुद्दा निकाली' लिहिलेल्या इतिवृत्तावर काम प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करायची नाही. अशा भेटीसाठी छोटा तक्ता तयार केला आहे. प्रती मागच्या टेबलावर आहेत, जाताना प्रत्येक शाखेने एक घ्यावी. डाक विभागातल्या मित्रांनी त्यात आपल्या कामाप्रमाणे फेरफार करून घ्यावेत.