वीस भिक्खूंची चीवरे आणि आपले कपाट

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात द्वारका, नाशिक येथे दिलेले भाषण)



मंडळाने बोलावणे केले तेव्हा विषय आम्हीच सुचवला. कपडे. सचिवांनी फोनवर दोनदा विचारले, "कपडेच ना?" वर्षावासात शील, समाधी, प्रज्ञा यांवर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही बँकेतले कारकून, लोकांची पासबुके पाहणारी माणसे. या पासबुकांत अलीकडे एक गोष्ट वरचेवर दिसते. पंधरा-अठरा हजार पगाराचा मुलगा, आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत दोन-तीन हप्ते कापलेले. विचारले तर सांगतो, एक मोबाईलचा आणि एक लग्नाला घेतलेल्या कपड्यांचा. लग्न कोणाचे? मित्राच्या भावाचे.

त्याला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. बहिणीच्या लग्नात आम्हीही कर्ज काढून थ्री-पीस सूट शिवला होता. दोनदा अंगावर चढला. कर्ज फिटेपर्यंत पँट कमरेला होईना. तो सूट अजून कपाटात आहे आणि त्याच्यामुळे कपाटाचे दार नीट लागत नाही.

पण आपल्या समाजाला "मोजके कपडे वापरा" असे सांगताना जीभ अडखळते, हेही खरे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तो नुसता पोथीत राहिला नाही. मढ्यावरचे कापड हा आपल्या वाडवडिलांचा "हक्क" मानला गेला. ज्यांना नवे लुगडे नेसायची मुभा नव्हती त्यांच्या नातवंडांना साधेपणाचा उपदेश कोणी करावा? म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यावर बाबासाहेब स्त्रियांशी मुद्दाम लुगड्याविषयी बोलले. जात ओळखू येईल असे आखूड नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. अंगभर कथलाचे दागिने घालू नका. लुगडे ठिगळाचे असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांचा रोख होता. स्त्रियांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेसाठी लाखो माणसे पांढऱ्या वस्त्रांत आली आणि बाबासाहेब स्वतः पांढरे रेशमी धोतर व पांढरा कोट घालून उभे राहिले. तेव्हा नीटनेटके राहणे हा आपल्याकडे शौक नाही, तो मानाचा भाग आहे. त्यात काटकसर करा असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, नीटनेटके राहायला किती कपडे लागतात?

हा प्रश्न तथागतांनाही पडला होता. विनयपिटकाच्या महावग्गात कथा आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना त्यांनी पाहिले की भिक्खू डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी घेऊन चालले आहेत. वैशालीला गोतमक चैत्यात पोचल्यावर कडाक्याच्या थंडीत ते रात्री उघड्यावर बसले. एका चीवरावर पहिला प्रहर गेला. थंडी वाजली तेव्हा दुसरे घेतले, मग तिसरे, मग चौथे. यावरून त्यांनी ठरवले की, थंडी सोसू न शकणाऱ्या माणसाचेही तीन चीवरांत भागेल. ती तीन म्हणजे दुहेरी संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, आकडा त्यांनी आधी ठरवला नाही. थंडी स्वतःच्या अंगावर घेतली आणि मग नियम केला. दुकानदाराला विचारले नाही, शेजाऱ्यालाही विचारले नाही.

चुल्लवग्गात आनंदांची गोष्ट आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या स्त्रियांनी त्यांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला, इतक्यांचे हे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग विरलेल्यांचे काय? त्यांचे पलंगपोस. ते जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडायचे फडके, आणि शेवटी कुटून मातीत मिसळून लिंपण. राजाने आणखी पाचशे दिली. आपल्या आजीने लुगड्याची गोधडी केली तेव्हा तिने चुल्लवग्ग वाचला नव्हता.

आता इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या या द्वारका चौकातून आग्रा रोडने मुंबईच्या दिशेला निघालो की काही किलोमीटरवर त्रिरश्मी लेणी आहेत. आपण बुद्धपौर्णिमेला जातो, फोटो काढतो आणि उतरतो. पुढच्या वेळी दहा क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत जरा थांबा. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार शेकडा दरमहा एक या दराने, एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. आम्ही पडलो कारकून, हिशोब करून पाहिला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. एक नाणे इकडेतिकडे नाही. आणि हे सगळे निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदले होते. त्या भिक्खूंचे कपडे व्याजातून येत होते. आमच्या खातेदार मुलाचे कपडे व्याजावर येतात.

आता आपले कपाट. आपण भिक्खू नाही. कामावर जायचे, कॉलेजला जायचे, लग्नेही करायची. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, प्रथम आपला आठवडा कागदावर मांडा. अंबड-सातपूरच्या कारखान्यात युनिफॉर्म घालणाऱ्याचे सहा दिवस युनिफॉर्ममध्येच जातात, त्याला बाहेरचे कपडे कमी लागतात; आणि आमच्या पाहण्यात तोच जास्त घेतो! एक गडद निळी आणि एक करडी पँट, दोन्हींवर चालतील असे पाच शर्ट, म्हणजे दहा जोड झाले. त्यातला एक पांढरा हवाच. रविवारी वंदनेला तोच, सोमवारी मुलाखतीला तोच. जाड जीन्स पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, तेव्हा एक तरी पँट रात्रीत वाळणारी असावी. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला दुचाकीवर जाणाऱ्याने तीन पातळ जॅकेटांपेक्षा एक चांगले घ्यावे. नवीन कपडा घेताना कपाटातल्या किमान तीन कपड्यांशी त्याचे जमते का ते बघा. नाही जमत, तर दुकानातच राहू द्या.

भगिनींना आम्ही शिकवणे बरे नव्हे. आमच्या घरी हा हिशोब आमच्याहून चांगला चालतो. काळे, मरून आणि मोतिया असे तीन ब्लाउज, त्यांवर नऊ साड्या. कारण आता रोजच्या साडीइतकीच ब्लाउजची शिलाई होते. विहारातली पांढरी साडी वर्षातून चारदाच निघते अशी तक्रार असते. ती निळ्या काठाची घेतली तर कचेरीतही चालते, असा घरचा अनुभव.

एक सूचना करून थांबतो. मुलाखतीला घालायला धड शर्ट नाही म्हणून न गेलेला मुलगा आपल्या वस्तीत आम्हाला माहीत आहे. त्याला कोणाचा तरी उतरलेला शर्ट देणे आम्हाला पटत नाही; उतरलेल्यांचे आपले पुरे झाले. मंडळाने उषवदातासारखी एक ठेव ठेवावी. एक लाखावर सात टक्के धरले तरी वर्षाला सात हजार येतात. त्यात पाच विद्यार्थ्यांना प्रत्येकी चौदाशे रुपयांचे नवे शर्ट-पँट होईल, आणि मुद्दलाला हात लागणार नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघेही आज व्यासपीठावर आहेत. ठेवीचा फॉर्म आम्ही सोबत आणला आहे. सह्या तिघांच्या लागतील. जय भीम.