शस्त्रक्रियेनंतरची जबाबदारी

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नेत्रशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही; परंतु डॉक्टरांकडून जे शिकलो, ते आपणांसमोर मांडतो.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या उंच, सडपातळ मुलाला घेऊन आले होते. मार्फान या जनुकीय विकारामुळे त्याच्या डोळ्यातील भिंग जागेवरून सरकले होते. शस्त्रक्रिया झाली, मुलाला फळ्यावरचे दिसू लागले. फेरतपासणीची तारीख देताच वडिलांनी विचारले, "साहेब, आता दिसतंय ना त्याला? मग आणखी एक खाडा कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. या विकारात शरीराला आधार देणाऱ्या ऊतीच मुळात दुबळ्या असतात. भिंग काढल्याने तो दुबळेपणा जात नाही. डोळ्यातील पडदा सुटण्याचा धोका इतरांहून अधिक असतो आणि तो शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही उद्भवतो. डोळ्यासमोर वीज चमकणे, एकाएकी काळे ठिपके तरंगणे, एका बाजूने सावली पसरणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी यावे. दुखत नाही म्हणून थांबू नये.

होमोसिस्टिन्युरिया या दुसऱ्या विकारातही भिंग सरकते; पण त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय असते आणि भूल देताना ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच अशा रुग्णांची रक्ततपासणी व हृदयतपासणी आधी केली जाते. त्या विलंबास हयगय समजू नये.

ते गृहस्थ खाडा करून आले. मुलाच्या पडद्याच्या कडेला लहानशी चीर आढळली. लेसरने तिच्याभोवती वेळीच बांध घालता आला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्यातून उपचाराचे बिल भागते; एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज भागत नाही. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे, पण तेथवर पोहोचण्याचाही खर्च असतोच.

आपण देणगी देताना "एका शस्त्रक्रियेसाठी" असे लिहिता. यापुढे "आणि तिच्या फेरतपासण्यांसाठी" एवढे शब्द त्यात वाढवावेत, ही नम्र विनंती. आमचे हिशेब ३१ मार्चला पूर्ण होतात. या मुलाची तपासणी मात्र आयुष्यभर चालायची आहे.