जिथला दगड, तिथला तट



जुलै २०२५ मध्ये साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे आपले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आम्ही सगळेच आनंदलो. पण ही दुर्गप्रेमींची परिषद मुरूडला भरवावी असा आग्रह आम्ही धरला तो समोर समुद्रात उभ्या असलेल्या पद्मदुर्गासाठी. तो त्या यादीत नाही. अशा किल्ल्यांची चिंता मला अधिक वाटते, कारण त्यांची डागडुजी बहुधा घाईत होते.

उद्या सकाळी आपण तिथे जाणार आहोत. आमचे कोळी बांधव भरती-ओहोटी पाहून होड्या काढतील. तटापाशी पोहोचलात की सांध्यांवरून हात फिरवून पाहा. साडेतीनशे वर्षं लाटांचा मारा खाऊन चिरे आत झिजलेत, आणि दोन चिऱ्यांमधला चुना मात्र कडेने ताठ उभा आहे. काही ठिकाणी दगडाच्या जागी नुसती खोबण उरली आहे, भोवती चुन्याची चौकट! असं का होतं? दगडाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी शिरतं, उन्हात वाळतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. वर्षानुवर्षं हेच चालू आहे. चुना त्याला पुरून उरला. याच किल्ल्याच्या कामात पैसा आणि रसद पोहोचवण्यात कुचराई केली म्हणून शिवाजी महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला खरमरीत पत्र लिहिलं होतं. तो चुना पाहिला की त्या पत्रातला संताप कळतो.

इथून अलिबागला गेलात तर उलट प्रकार दिसेल. कुलाब्याच्या तटात चुना नाहीच. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट येते, फटींत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी निथळून जातं. एकाच किनाऱ्यावरच्या या दोन जलदुर्गांची बांधणी इतकी वेगळी! खाली विजयदुर्गाकडे जांभा आला. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. सह्याद्रीवर तर दगड वाहून न्यायचाही प्रश्न नव्हता. गडावर पाण्याचं टाकं खोदायचं आणि त्यातून निघालेला काळा दगड तटाला लावायचा. एका खोदकामात पाणीही मिळालं आणि भिंतही.

मराठवाडा-विदर्भातून आलेल्या मित्रांना त्यांच्या गढ्या आठवत असतील. तिथे दगड लांब, म्हणून पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती चढल्या. माथा झाकलेला आहे तोवर ती भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. माथा उघडा पडला की पावसाळ्यागणिक विरघळते, आणि उरलेली माती लोक धाब्यावर टाकायला नेतात. गढ्यांवर आपण फारच कमी बोलतो. या परिषदेत त्यांच्यासाठी वेळ काढावा, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

आता मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट. चुन्याच्या जुन्या तटात आज सर्रास सिमेंट भरलं जातं. दिसायला काम पक्कं दिसतं. पण चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडतं. मग ते पाणी दगडातून वाट काढतं आणि जो चिरा तीन शतकं टिकला, तो डोळ्यांदेखत सोलवटू लागतो. सांध्यात रुजलेला पिंपळ निदान दिसतो, तो वेळेवर काढता येतो. हे नुकसान दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. निधी नसेल तर थांबावं, पण सिमेंट भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गडागडांवर चुन्याच्या घाण्या अजून शाबूत आहेत. शिंपले किंवा चुनखडी भाजणारे, चुना मळणारे, मुरवणारे हात मात्र थोडे राहिलेत. म्हणून आपणा सर्वांना माझं कळकळीचं आवाहन आहे : परवाच्या समारोपात दोन ठराव मंजूर करा. कुठल्याही तटाला हात लावण्याआधी त्याचा दगड आणि चुना तपासला जावा. आणि पुढच्या परिषदेला अभ्यासकांच्या बरोबरीने गवंडी आणि पाथरवट यांनाही व्यासपीठावर मानाने बोलवावं.