सर्वांचे ऐकणारी सभा



धर्मग्रामाची सभा भरली म्हणजे दोन-चार मोठे आवाज गाजतात व मागे बसलेली विधवा आपले म्हणणे मनातच घेऊन घरी परतते. दर सभेस तज्ज्ञ सूत्रधार हिंगणीस कोठून आणावा? ह्याकामी संगणकाची एक प्रणाली निघाली आहे : ‘पोलिस’, म्हणजे ग्रीक भाषेत नगर. प्रत्येकाने आपले मत थोडक्यात लिहावयाचे. इतरांनी ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘तूर्त मत नाही’ एवढेच नोंदवावयाचे. प्रत्युत्तरास जागाच नसल्याने वितंडवाद माजत नाही, आणि विरुद्ध गटांसही काय मान्य आहे, ते उघड होते. तैवानात २०१५ साली टॅक्सीच्या वादात हिचा उपयोग झाला.

परंतु आपल्याच जिल्ह्यात, पवनारास, विनोबाजींनी १९५९ साली स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी यंत्रावाचूनच सर्वसंमतीने निर्णय घेण्याचा परिपाठ ठेविला. यंत्र मते मोजील. थांबून ऐकण्याचा धीर आम्हांसच धरावा लागेल. ज्या घरी मोबाईल नाही, तेथे आम्हीच जाऊन मत लिहून आणू. जुबिलीनंतरच्या पहिल्या सभेचा आरंभ शेवटच्या बाकापासून होवो. प्रभू आम्हां सर्वांस ऐकणारे कान देवो.