परराज्यातली गाडी महाराष्ट्रात आणताना



समजा, बेळगावहून कोल्हापूरला बदली झाली.
सामान आलं, गाडीही आली.
पाटीवर मात्र अजून 'केए'च.

लायसन्सची काळजी नको.
ते देशभर चालतं.
पुन्हा 'आठ' काढून दाखवावा लागत नाही.
फक्त पत्ता बदलून घ्या.
सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो.

गाडीचं तसं नाही.
ती इथे 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल,
तर इथला नंबर घ्यावाच लागतो.
मोटार वाहन कायदाच तसं सांगतो.

त्यासाठी निघण्याआधीच
जुन्या आरटीओकडून ना-हरकत दाखला घ्या.
गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची संमतीही लागते.
दाखला राहिला, की हेलपाटे आलेच!

मग इथला रोड टॅक्स.
तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो.
जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग
परत मागता येतो.
नवा नंबर पडल्यावर, तिकडे अर्ज करून.
आपण मागितला नाही, तर कुणी घरी आणून देत नाही.

पुन्हा सांगते.
लायसन्स तेच. गाडीचा नंबर नवा.

आणि हो, नवा नंबर मिळाला,
की विमा कंपनीला लगेच कळवा.
पॉलिसीवरही तोच नंबर हवा.