स्वागताध्यक्षीय भाषण : क्रीडा-दुखापती परिषद, कोल्हापूर



खेळातील दुखापती ओळखणे, टाळणे आणि बऱ्या करणे हा या परिषदेचा विषय आहे. तो मांडण्याचा अधिकार विद्वान वक्त्यांचा; ज्या भूमीवर परिषद भरत आहे तिची ओळख करून देणे एवढेच स्वागत समितीचे काम. मात्र कोल्हापूरची ओळख थोडक्यात आटोपणे कोणत्याही कोल्हापूरकराला आजवर जमलेले नाही, हे पाहुण्यांनी समजून घ्यावे.

राजर्षी शाहू छत्रपती 1902 मध्ये युरोपला गेले असता रोममधील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यातून खासबाग मैदानाची कल्पना आकाराला आली, असे सांगितले जाते. 1912 मध्ये हे मैदान कुस्तीसाठी खुले झाले. मधोमध कुस्तीचा हौदा, त्याभोवती गोलाकार चढत जाणारी बैठक आणि कोठेही आडवा येणारा खांब नाही, अशी त्याची रचना असल्यामुळे अगदी शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही डाव स्पष्ट दिसतो. राजाने उभारलेल्या वास्तूत रयतेच्या नजरेचा एवढा विचार झालेला असावा, ही या शहराला आजही अभिमानाची गोष्ट वाटते. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळाले तेव्हा मैदानाच्या व्यासपीठालाही झळ पोहोचली आणि ज्यांनी आयुष्यात कधी लंगोट कसला नव्हता त्यांनाही घरचे कोणी गेल्यासारखे दुःख झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही पहाटे जोर-बैठकांचा घुमारा उठतो आणि ताक, तेल, हळद, लिंबू व कापूर घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास गल्लीपर्यंत येतो.

या नगरीच्या एका माणसाचा उल्लेख मात्र सविस्तर व्हायला हवा, कारण त्याची आठवण आता जुन्या लोकांपुरतीच उरत चालली आहे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपला विद्यार्थी खाशाबा जाधव याला 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून स्वतःचे राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला होता. हेलसिंकीत बँटमवेट गटात त्याने कांस्यपदक जिंकले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून मिळालेल्या इनामातून गुरूचे घर सोडवले, असे सांगितले जाते. पदकाच्या इतिहासात प्राचार्यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते; ती पुरेशी नाही, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे. पुढे 2024 मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तोपर्यंत 72 वर्षे महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले नव्हते.

या परिषदेचा आणि शहराचा खरा धागा येथेच आहे. मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी खाशाबांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कुस्ती तिथेच थांबली. पाय मातीत रोवलेला असताना धड वळले, तर मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांशी बांधून ठेवणारा गुडघ्यातील तंतुमय बंध, म्हणजे अस्थिबंध, तुटू शकतो. त्या क्षणी ‘कट्’ असा आवाज येतो, काही तासांतच गुडघा टरारून सुजतो आणि पुढे चालताना तो अचानक दगा देतो. ही लक्षणे आज तालमीतील पोरालाही सांगता आली पाहिजेत, कारण सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असे समजून पुन्हा हौद्यात उतरणाऱ्याच्या गुडघ्यातील गादीही, म्हणजे दोन हाडांमधील कूर्चाही, फाटण्याचा धोका असतो.

पैलवानाचे मोडलेले कान हा कोल्हापुरात मानाचा दागिना समजला जातो. कानाची कूर्चा आणि तिच्यावरील आवरण यांच्यामध्ये रक्त साचल्याने कान फुगतो, आणि ते वेळीच काढून कान दाबून बांधला नाही, तर कूर्चेचे पोषण तुटून कान कायमचा आकसतो, हे मात्र पेठेत फार थोड्यांना ठाऊक आहे. तीच गोष्ट मालिशीची. तालमीतील मालीश मेहनतीनंतरच्या थकलेल्या अंगाला उत्तम. पण ताज्या मुरगळीला पहिले दोन-तीन दिवस चोळणे व शेकणे टाळून विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी 15 ते 20 मिनिटे लावावा, लवचीक पट्टी बांधावी आणि पाय उंचावर ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणी टाळू नये. मान दुखावलेल्या पैलवानाला उचलून बसवणे आणि डोक्याला मार लागून भांबावलेल्या फुटबॉलपटूला त्याच दिवशी पुन्हा मैदानात सोडणे, या दोन गोष्टी तर कोणीही, कितीही आग्रह झाला तरी, करू नयेत. सामन्याआधी 20 मिनिटे ठरावीक क्रमाने धावणे, तोल सांभाळणे आणि उडी मारून गुडघे वाकवत उतरणे एवढ्याने कितीतरी दुखापती टळतात, ही गोष्ट पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा संघांच्या फुटबॉलवेड्या पेठांनीही मनावर घ्यावी.

आता व्यवस्थेविषयी. लग्नसराई आणि श्री अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी एकाच वेळी आल्यामुळे काही प्रतिनिधींची उतरण्याची सोय सभागृहापासून लांब करावी लागली, दुसऱ्या सभागृहातील ध्वनिक्षेपक काल रात्री उशिरापर्यंत नीट बसला नव्हता, आणि तांबडा रस्सा बाहेरगावच्या पाहुण्यांना तिखट लागेल या काळजीने पांढऱ्या रश्श्याचे व शाकाहारी पंगतीचे प्रमाण वाढवले असले, तरी कोणाच्या पानात काही कमी-जास्त झाले तर त्याबद्दल स्वागत समिती आधीच क्षमा मागते. गुजरीतील सराफांनी देणग्या दिल्या, गुळाच्या अडत्यांनी न मागता ढेपा पाठवल्या, दूध उत्पादक शेतकऱ्यांनी सकाळच्या दुधाची जबाबदारी उचलली, एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही, औषध विक्रेत्यांनी प्रथमोपचाराच्या पेट्या भरून दिल्या आणि महाविद्यालयीन स्वयंसेवक मुला-मुलींनी तीन दिवसांची झोप परिषदेला दिली. नाव छापू नये असे बजावून पाकीट ठेवून गेलेल्या वृद्ध पैलवानांचेही ऋण मोठे आहे. या सर्वांची समिती मनापासून आभारी आहे.

पाहुण्यांना शेवटी एकच विनंती आहे. परतीच्या गाडीपूर्वी प्रत्येकाने एखाद्या तालमीत तासभर जावे, वस्तादांशी बोलावे आणि ताज्या दुखापतीला काय करावे व काय करू नये हे तेथील मुलांना हाताने करून दाखवावे. त्यासाठी स्वयंसेवक आणि रिक्षा सभागृहाच्या दाराशी तयार ठेवण्यात आल्या आहेत.