पोराला आधी काय विचारायचे?
(चोपडा येथील बैठकीतील भाषण)



कामगंध सापळ्यात पतंग दिसले की आपण सावध होतो. बोंड किडायची वाट पाहत नाही. पोर मात्र वरातीत झिंगून पडेपर्यंत आपण थांबतो. अमेरिकेत सरकारी संस्थेने २०११ मध्ये डॉक्टरांसाठी पुस्तिका काढली. तिच्यात प्रश्न दोनच. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाला आधी विचारायचे, "तुझे मित्र पितात का?" मग, "तू घेतलीस का?" मित्र पीत असले, तर याचाही धोका वाढला. चौदाच्या पुढच्याला आधी त्याचे स्वतःचे विचारायचे.

महाराष्ट्रात देशी दारूला कायद्याने वय २५ लागते. अन् आपली बाटली आणायला धाडतो कुणाला? पोरालाच!

पोर "हो" म्हणाले तर मारू नका. मारलेत, तर पुढच्या खेपेला ते "नाही"च म्हणेल.